सुपातलं पार्सल

“हात लावला का तू याला?”

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्यांच्या दारात उभी होते. दोन्ही हातांत पार्सल. जाड पांढऱ्या कापडात शिवलेलं, वर लाखेच्या मोहरा. खालच्या दारापासून तिथवर ते मीच आणलं होतं. हातानं आणलं होतं. पायानं थोडंच येतं?

“लावला जी,” मी म्हटलं.

बाई आत गेल्या. मला वाटलं, दोन जिने चढून आले, घोटभर पाणी आणायला गेल्या असतील. इतकी मी भोळी. त्या आल्या त्या सांडशी घेऊन. चुलीवरचं तापलेलं भांडं उतरवायची सांडशी. ती त्यांनी पार्सलच्या कोपऱ्याला लावली आणि ओढलं.

पार्सल जड. सांडशीत मावेना. माझ्या हातून सुटलं, त्यांच्या सांडशीतून निसटलं आणि उंबऱ्यावर आदळलं. आत काच फुटल्याचा आवाज झाला. मग कापडातून तेल पाझरलं. लाल, मोहरीच्या वासाचं. त्यांच्या आईनं नागपूरहून कैरीचं लोणचं पाठवलं होतं.

“फोडलं मेलीनं!”

सांडशी त्यांच्या हातात होती आणि फोडलं मी.

उंबऱ्याबाहेरचं मला पुसायला लावलं. उंबऱ्याआतलं त्यांनी पुसलं. माझ्या बोटात काच गेली, चिरेत तिखट गेलं. मी बोट तोंडात घातलं तर बाई म्हणाल्या, “चव पाहून राहिली का? घेऊन जा सगळं. आमच्या तर कामाचं राहिलं नाही. काचा वेचून खा. पोरीलाही दे.”

पोरीलाही दे. हे त्या दयेनं म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर मी कधीच विसरले असते.

मी तेव्हा पंचविशीत असेन. नवरा भरवेलीच्या खाणीत कामाला होता, तो तापानं गेला. माहेर खैरलांजीकडचं. तिथं धान कापणीच्या दिवसांत तेवढं काम, पुढं सगळे उपास. पदरी एक पोरगी, कुसुम. आमच्या वस्तीनं काही वर्षांपूर्वी धर्म बदलला होता. घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले होते. तेव्हा सभेत कोणीतरी सांगितलं होतं, आधी पोरीला शाळेत घाला, बाकीचं मग पाहू. सांगणारा कोण होता ते आठवत नाही. पण ते बोलणं मी गाठीला बांधलं आणि पोरीला घेऊन बालाघाटला आले.

बालाघाटात एका शेठनं भाड्यानं द्यायला तीन मजली बिल्डिंग बांधली होती. तेव्हा त्या भागात तेवढी उंच दुसरी नव्हती. लोक येता-जाता माना वर करून पाहायचे. भाडेकरू सगळे सरकारी नोकरीतले, वकिलीतले. बहुतेक आपलीच मराठी बोलणारी, नागपूर-भंडाऱ्याकडून आलेली माणसं. मला जिने झाडायचं आणि खालचं दार राखायचं काम मिळालं. राहायला जिन्याखालची खोली. ताठ उभं राहिलं की डोकं लागायचं. पण मुलींची शाळा तिथून हाकेच्या अंतरावर होती. कुसुमचं नाव तिथं घातलं. ती खोली गेली की शाळा गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या बिल्डिंगीतल्या लोकांनाही ठाऊक होतं. म्हणून तर सगळं चाललं.

लोणच्याच्या प्रकारानंतर ठरलं की मी पार्सलला हात लावायचा नाही. डाकिया म्हातारा होता, मुसलमान. सगळे त्याला चाचा म्हणायचे. साहेबलोकांशी हिंदी बोलायचा, माझ्याशी कधी हिंदी, कधी आमची बोली. त्याचे गुडघे गेलेले. आधी तो पार्सल माझ्याजवळ ठेवून पुढं जायचा, ते बंद झालं. आता बिचारा कठडा धरून वर चढायचा. दुपारी बाया झोपलेल्या. दार वाजवून वाजवून थकला की पार्सल दारात ठेवून निघून जायचा.

बालाघाटात वानरांची काय कमी? एका दुपारी एक मोठं वानर गॅलरीतून आत आलं, तिसऱ्या मजल्यावरच्या आजीच्या दारातलं पार्सल उचललं आणि गच्चीवर बसून फाडलं. बेसनाचे लाडू होते. आजीच्या लेकीनं पाठवलेले. पोरांनी गोटे मारले तेव्हा ते अर्धे टाकून पळालं. आजींनी उरलेले लाडू गोळा केले, वरची माती फुंकरली आणि बिल्डिंगभर वाटले. “मारुतीरायाचं रूप आहे,” म्हणाल्या. सगळ्यांनी खाल्ले.

मी गच्ची झाडत होते. मी पाहिलं.

पण रोज रोज मारुतीरायाला लाडू कोण देणार? म्हणून बिल्डिंगीतले लोक जिन्यात जमले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे साहेब पुढं. साहेब कचेरीत मोठे, झेंडावंदनाला शाळेत भाषण करायचे. भाषणात सगळी माणसं सारखी असायची. कुसुम घरी येऊन मला ते भाषण म्हणून दाखवायची.

कोणी म्हणालं, जिन्याखाली कुलपाची पेटी करा. पण चाचा हात जोडून म्हणाला, “साहब, सरकारी माल है. किसी के हाथ में देना पड़ता है. पेटी का हाथ नहीं होता.”

“हिच्या हातात तर देता येत नाही,” बाई म्हणाल्या.

मी तिथंच उभी होते, झाडू घेऊन. माझ्याकडं न पाहता ते माझ्याबद्दल बोलत होते, बाजारात बैलाबद्दल बोलतात तसे. हिला चालेल का, हिनं उचललं तर काय, हिनं नुसतं राखलं तर काय. मग तिसऱ्या मजल्यावरची ती लाडवाची आजी म्हणाली, “सुपात द्या ना. बांबूला कुठं विटाळ असतो?”

सगळ्यांना हायसं वाटलं. “वा आजी, प्रश्नच मिटवला,” साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाजारातून कोरं सूप आलं. ते सूप कोण्या बुरडानं विणलं होतं, त्याच्या बायकोनं डोक्यावर बाजारात आणलं होतं. त्यांच्या हाताचं काय, हे कोणी विचारलं नाही.

मग सुरू झालं ते नाटक. चाचा पार्सल माझ्या हातातल्या सुपात ठेवायचा आणि दुसरीकडं पाहायचा. मी सूप धरून वर चढायची. दारात सूप खाली ठेवायचं. मागं सरकत जिन्याच्या वळणापर्यंत जायचं. तिथून हाक मारायची, “पार्सल जी!” बाई यायच्या, पाणी शिंपडायच्या, पार्सल उचलायच्या आणि सूप पायानं माझ्याकडं लोटायच्या. सरपटत यायचं ते. मग मी उचलायची. एखाद्या दिवशी मागं सरकायला उशीर झाला की वरून आवाज यायचा, “अंगावर येतेस का?”

पार्सल मात्र एकही हरवलं नाही. साऱ्या बिल्डिंगीचं सामान माझ्या भरवशावर. त्यांच्या लेकींच्या साड्या, नातवंडांचे बाळंतविडे, औषधं, सोन्याची एखादी पुडीसुद्धा. माझ्या इमानावर त्यांचा भरवसा होता, माझ्या हातावर नव्हता. हातावर पोट असलेल्या बाईनं हात कुठं ठेवायचा ते तेवढं कोणी सांगितलं नाही.

माझं नावही गेलं. सगळे मला सूपवाली म्हणायला लागले. “ए सूपवाली!” पोरंसोरंसुद्धा. आई-बापानं ठेवलेलं नाव मला होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं जे नाव, तेच माझं. अक्षर न् अक्षर तेच. पण बिल्डिंगीत त्या नावाची हाक आली की ती त्यांचीच असायची. साहेब ती हाक मारायचे, शेजारणी मारायच्या. मी हळूहळू त्या नावाकडं कान द्यायचं सोडून दिलं.

एका सुटीच्या दिवशी मी खोलीच्या दाराशी तांदूळ निवडत होते. बाहेर कुसुम एका धाकट्या पोरीशी खेळत होती. तिनं अर्ध्या विटेला चिंधी गुंडाळली होती. एका फाटक्या सुपात ती वीट ठेवली. सूप त्या पोरीसमोर मांडलं. आणि मागं सरकत गेली. पाठ न वळवता, नजर खाली, अगदी माझ्यासारखी. भिंतीपाशी जाऊन ओरडली, “पार्सल जी!”

धाकटी पोरगी वीट उचलायला लागली तर कुसुम म्हणाली, “आधी पाणी शिंपड ना! तुले खेळताच येत नाई.”

मला शाळेचा अभिमान होता ना? शाळा तर ती दिवसभर माझ्याजवळच शिकत होती.

त्याच सुमारास दिवाळी आली. आम्ही सण सोडले होते. पण भावाचं मन काय सण पाहून चालतं? माझा धाकटा भाऊ नागपूरला कापडाच्या गिरणीत होता. त्या वर्षी तो कायम झाला. आमच्या गावचा एक माणूस नागपूरहून परत जाताना मला भेटून गेला. म्हणाला, “तुह्या भावानं तुले लुगडं घेतलं. निळं, लाल काठाचं. डाकेनं पाठवून राह्यला.”

मला खरं वाटेना. जन्मात माझ्या नावानं काही आलं नव्हतं. दुनियेची पार्सलं वाहिली, स्वतःचं एक नाही. मी चाचाला सांगितलं. त्याचा चेहरा फुलला. “आएगा तो सीधा तेरे हाथ में दूँगा बेटी,” तो म्हणाला. “सूप-बिप कुछ नहीं.”

हातात देणार. मी त्या दिवसापासून वाट पाहायला लागले. लुगड्यापेक्षा त्या हातात देण्याची.

आणि चाचा पुतणीच्या लग्नासाठी रजेवर गेला.

त्याच्या जागी बदलीचा डाकिया आला. तरणा पोरगा, या गावात नवा. त्याला सूप ठाऊक नाही, काही नाही. त्या दुपारी मी गच्चीवर होते. बायांनी फराळाची मोठी भांडी घासायला वर ठेवली होती, मग त्यांवर पाणी ओतून त्या आत नेणार. खालून त्यानं सायकलची घंटी वाजवली आणि पार्सलावरचं नाव मोठ्यानं पुकारलं.

माझं नाव.

मला ऐकू आलं. अगदी स्वच्छ. राखेनं भरलेले हात घेऊन मी बसले होते, आणि मी ओ दिली नाही. मनात आलं, बाईंचं पार्सल दिसतं. खालून बाईंचा आवाज आला, “मीच! आले!” आणि मी पुढचं भांडं घासायला घेतलं.

त्या लोकांनी माझं काय काय काढून घेतलं, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते. माझ्या नावानं हाक आली आणि मला ती माझी वाटली नाही.

भाऊबीजेला बाई निळं लुगडं नेसून जिन्यात उभ्या होत्या. लाल काठ. नऊवारीच नेसायच्या त्या. शेजारणी काठ चाचपून पाहत होत्या. “दादाला यंदा यायला जमलं नाही,” बाई सांगत होत्या. “पण लुगडं पाठवलं पाहा. वर लिहिलं काय, तर ‘पाठवणारा, तुझा भाऊ, नागपूर’. आमचा दादा असाच, थट्टेखोर.” सगळ्या हसल्या. मी खालची पायरी पुसत होते. निळा रंग पाहून मला गावच्या माणसाचं बोलणं आठवलं. पण निळी लुगडी जगात एकच असतात का? मी मनाला दटावलं आणि पायरी पुसली.

चाचा परत आला तो हसतच. “भाईचं पार्सल भेटलं ना तुले? छुट्टीवर जाच्या दिवशी डाक निवडताना मीच पाह्यलतं. पाठवणाऱ्याचं नाव काय, तर ‘तुझा भाऊ’! सारा डाकघर हसून राह्यलता.”

भाऊ रात्रीच्या शाळेत अक्षरं शिकला होता. त्याला वाटलं, पार्सलवर लिहायचं म्हणजे बहिणीला चिठ्ठीच लिहायची. ना माझं आडनाव, ना त्याचा पत्ता. माझं नाव, बिल्डिंगीचं नाव, आणि तुझा भाऊ. त्याच्या लेखी बालाघाटात त्या नावाची बाई एकच होती.

“कोणं घेतलं मंग?” चाचानं विचारलं. “मले नाई भेटलं,” मी म्हटलं. चाचाचं हसू गेलं. “पांढरं कापड होतं,” तो हळूच म्हणाला. “लाल दोऱ्यानं शिवलेलं.”

माझ्या हातात पोतेरं होतं. बाईंनी दिवाळीच्या आधी वरून फेकलेलं, जिने पुसायला. मी ते पिळून उलगडलं. कडेला लाल दोरा होता, टाक्याटाक्यानं उसवलेला. मधे निळसर डाग, शाई धुऊन गेल्याचा. इतके दिवस मी भावाच्या अक्षरानं त्यांचे जिने पुसत होते. आता त्यात वाचण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मी वर गेले. रिकाम्या हातानं, सूप न घेता. वळणापाशी थांबले नाही, दारापर्यंत गेले.

“बाई, ते निळं लुगडं माह्यं होय. माह्या भावानं पाठवलं.”

बाई आधी हसल्या. मग शेजारणीला हाक मारली. “ऐकलं का हो? आमच्या दादाचं लुगडं म्हणे हिचं!”

“माह्या नावानं आलतं.”

“तुझ्या नावानं? काय नाव आहे तुझं?”

मी सांगितलं.

“ते तर माझं नाव आहे,” बाई म्हणाल्या.

शेजारीण पदर तोंडाला लावून हसली. बाईंचा चेहरा मात्र बदलला. “चोर ती चोर वर शिरजोर,” त्या म्हणाल्या. “रंडकीला लाल काठाचं लुगडं कोण पाठवतं गं? भाऊ पाठवतो की आणखी कोणी? खाली हो. पुन्हा सुपाशिवाय वर आलीस तर साहेबांना सांगून पोलिसात देईन.”

मी खाली आले. त्या रात्री... नाही, रात्रीचं काही सांगत नाही. रडले असेन. रडण्याचं कौतुक नाही मला.

चार-दोन दिवसांनी बाईंचा खरा भाऊ आला. नागपूरहून, गोंदियाला गाडी बदलून, हातात पेढ्यांचा पुडा, काखेत कागदात बांधलेलं लुगडं. मी दाराशी झाडत होते. बाई जिना उतरून आल्या, तेच निळं नेसून, मुद्दाम त्याला दाखवायला.

“पाहा दादा, तू पाठवलेलंच नेसले!”

“मी?” तो म्हणाला. “मी कुठं पाठवलं? मी तर हे घेऊन येऊन राहिलो.”

त्यानं काखेतलं लुगडं पुढं केलं. हिरवं होतं. तो भोळा माणूस, हसत म्हणाला, “मग कोणाचं नेसली तू?”

बाईंची नजर माझ्यावर आली. मी हसले नाही. माझा झाडू तेवढा थांबला.

त्या लुगड्यात बाईंनी देवाची पूजा केली होती. लोकांना वाढलं होतं. आता दारंदारं उघडून शेजारणी एकमेकींशी कुजबुजायला लागल्या. आजी म्हणाली, पंचगव्य घ्यावं लागेल. वर बादल्यांवर बादल्या पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. खरं सांगते, मला क्षणभर बरं वाटलं. मूर्ख होते. माझ्यामुळं त्यांचं हसं झालं होतं, आणि ते त्या मला परत केल्याशिवाय राहणार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला हाक आली. “ए सूपवाली! सूप घेऊन ये.”

पहिल्या मजल्याच्या जिन्यात सगळे जमलेले. बाया वरच्या पायऱ्यांवर, साहेब मधे. सूप मी ठेवलं आणि सवयीनं मागं सरकले. सवय किती वाईट असते. बाईंच्या हातात एक काठी होती, काठीच्या टोकावर ते निळं लुगडं. त्यांनी ते सुपात टाकलं.

“घे,” त्या म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “मी नेसलेलं लुगडं आहे. दान दिलं तुला. पदर पसर आणि घेऊन जा.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझ्या भावानं माझ्यासाठी घेतलेलं कोरं लुगडं, ते आता बाईंची उतरण झालं होतं. माझीच वस्तू मला भीक म्हणून मिळत होती, वर मी पदर पसरायचा होता. चूक त्यांची आणि उपकारही त्यांचेच.

“गैरसमज झाला होता,” साहेब समजुतीनं म्हणाले. “आता वाढवू नको. घे आणि मोकळी हो. तुला इथं राहायचं आहे. पोरगी शाळेत जाते ना तुझी?”

पोरगी शाळेत जाते ना. बाईंची काठी दिसत तरी होती.

कुसुम खोलीच्या दारात उभी होती. तिची नजर माझ्यावर नव्हती, सुपावर होती. आता माय पदर पसरेल, मग सूप उचलेल, मग मागं सरकेल. तिला खेळ पाठ होता. तो पुढं कसा जातो, तेवढं ती पाहत होती.

“बाई,” मी म्हटलं, “डाकियाच्या हातून तुमी घेतलं तं हातानंच घेतलं ना? तसंच माह्या हातात द्या.”

“काय?”

“माह्या हातात द्या. दान नोका देऊ. माह्यं हाये, ते द्या.”

मी दोन्ही हात पुढं केले. पदर नाही, ओंजळ नाही. चाचासमोर केले असते तसे सरळ हात. वरच्या घरात दूध उतू गेल्याचा चर्र आवाज आला, पण ते उतरवायला कोणी हललं नाही.

“माजली,” आजी म्हणाली.

बाईंचे हात मी पाहिले. गोरे, बांगड्यांनी भरलेले. लुगडं त्यांच्यापासून वीतभर लांब होतं. उचलून माझ्या हातात ठेवायचं, एवढंच काम. बाईंच्यानं ते झालं नाही. त्यांनी हात पाठीमागं नेले.

“खोली खाली कर,” साहेब म्हणाले. “आजच्या आज.”

मी पुढं गेले. बाया किंचाळत वर सरकल्या. मी लुगड्याला हात लावला नाही. सुपाच्या कडेवर पाय दिला. बांबू कडाडला. दुसरा पाय दिला. सूप मधोमध फाटलं, लुगडं पायरीवर घसरलं आणि तिथंच पडलं.

“आता कशात देसान?” मी विचारलं.

मी खाली आले, दोन भांडी आणि कुसुमचं दप्तर गाठोड्यात बांधलं, तिचा हात धरला आणि निघाले. मागं वळून पाहावंसं वाटलं. निळं लुगडं होतं ते, माझ्या भावानं घेतलेलं. पाहिलं नाही.

भरवेलीला नवऱ्याच्या ओळखीच्या एका म्हातारीनं पडवीत जागा दिली. मी खाणीवर टोपल्या उचलायला लागले. तिथं कोणी हात लावला का विचारत नाही, हात तुटला तरी विचारत नाही. कुसुमला शाळा लांब पडली. उन्हात चालत जायची, चालत यायची. तिच्या टाचा फुटल्या. सुखाचं काही सांगायला नाही माझ्याजवळ.

चाचा एकदा भरवेलीला डाक घेऊन आला तेव्हा मुद्दाम शोधत आला. लुगड्याचं त्यानं सांगितलं. किती तरी दिवस ते पायरीवरच पडून होतं. त्यांनी उचललं नाही, नव्या झाडणारीनं उचललं नाही. लोक ओलांडून जायचे. शेवटी वानरानं गच्चीवर नेलं आणि चिंध्या केल्या. वानराला काही विटाळ नाही. भावानं निरोप धाडला, दुसरं पाठवतो. मी सांगितलं, पाठवू नको. त्या जिन्यात माझं एक लुगडं देणं आहे. ते हातात मिळेपर्यंत मी दुसरं घेणार नाही.

ते देणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी घेणार नाही, हे त्यांना ठाऊक असावं, म्हणून हे सांगते.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर कुसुम पडवीत खेळत होती. तीच अर्धी वीट, तीच चिंधी. गाठोड्यात लपवून आणली होती तिनं. समोर म्हातारीची नात. कुसुमनं वीट खाली ठेवली आणि मागं सरकायला लागली.

मी तिचा दंड धरला. जोरात धरला, ती घाबरली.

“मांगं सरकाचं नाई,” मी म्हटलं. “उचल ते. तिच्या हातात दे.”

“आन तिनं नाई घेतलं तं?”

“तं आपल्याच हातात राहू दे. खाली ठेवाचं नाई. आन कोणं आपल्यासाठी खाली ठेवलं, तं उचलाचं नाई.”

कुसुमनं वीट उचलली. थोडा विचार केला. तिच्या टाचेतून रक्त येत होतं.

“लुगडं असन तरी?”

“लुगडं असन तरी.”

“आन भाकर असन तं?”

त्या दिवशी घरात पिठाचा कण नव्हता. तिला ते ठाऊक होतं. म्हणूनच तिनं विचारलं. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“भाकर असन तरी,” मी म्हटलं.